बॉब मार्ली आणि वामनदादा कर्डक: मुक्तीचे गाणे कसे ऐकावे

१. प्रस्तावना



मी जबलपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संदेशवहन शिकवतो. आमच्या वसतिगृहात दर वर्षी दोन-तीन मुलांच्या टी-शर्टवर एकच चेहरा दिसतो: लांब जटा, हसरे डोळे, मागे लाल, पिवळा आणि हिरवा रंग. हा कोण, असे विचारले की नाव लगेच सांगतात, बॉब मार्ली. त्याने काय गायले, असे विचारले की उत्तर थोडे अडखळते. ‘प्रेम, शांती, मजेत राहा, असं काहीतरी.’ या माणसाच्या घरात घुसून १९७६ साली बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याच्या धर्माच्या लोकांना त्याच्याच देशातले पोलीस जटा धरून ओढून नेत असत, हे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते.

पण मी त्यांना हसू शकत नाही, कारण माझी स्वतःची गोष्ट फारशी वेगळी नाही. मी विद्यार्थी असताना आमच्या घरामागच्या वस्तीत १४ एप्रिलला लाऊडस्पीकर लागत. परीक्षा तोंडावर आलेली असायची. एका वर्षी चिडून मी आवाज कमी करायला सांगण्यासाठी गेलो. तिथे जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात, काम करून निवृत्त झालेले एक विदर्भातले गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आवाज लगेच कमी करायला लावला. मग मला मराठीत विचारले, “मराठी आहेस ना? मग गाणं ऐकलंस का, का नुसता आवाज ऐकलास?” मी गाणे ऐकलेच नव्हते. ते वामनदादा कर्डकांचे होते, हे त्यांनी सांगितले तेव्हा कळले. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढे संदेशवहन शिकवताना तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. शेजारच्या वाहिनीवरचा संदेश आपल्या ग्राहकयंत्रात शिरला की त्याला आपण व्यत्यय म्हणतो आणि गाळून टाकतो. तो संदेश मुळात निरर्थक नसतो, फक्त आपण तो घ्यायला बसलेलो नसतो. गाण्याचेही पुष्कळदा असेच होते.

या पाठात आपण दोन गायक-कवींचा विचार करणार आहोत. जमैकाचा मार्ली तुमच्या परिचयाचा आहे, निदान चेहऱ्याने. त्याच्या वाटेने आपण नाशिक जिल्ह्यातल्या वामनदादांपर्यंत जाऊ. दोघांच्याही गाण्यामागे दडपलेल्या माणसांनी स्वतःसाठी स्वीकारलेला धर्म आहे. दोघांवरही ‘हा प्रचार आहे, कला नव्हे’ असा शेरा मारता येतो. अशा गाण्याची समीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

२. रास्ताफारी: गुलामांच्या वंशजांचा धर्म

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले लहानसे बेट आहे. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे तिथे गुलाम म्हणून नेली गेली. १८३० च्या दशकात गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. तेव्हा १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर आणले गेले. त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्दही तिथे गेला आणि आजही तो जमैकाच्या बोलीत जसाच्या तसा आहे.

१९३० साली इथिओपियात रास ताफारी मकोनेन हे हेले सेलासी या नावाने सम्राट झाले. आफ्रिकेतला एक काळा, स्वतंत्र राजा! जमैकातल्या काही गरीब उपदेशकांनी या घटनेत बायबलमधली भविष्यवाणी खरी झालेली पाहिली. सेलासी हाच देवाचा अवतार, पाश्चात्त्य सत्ता म्हणजे बॅबिलोन, आणि आफ्रिका हीच मायभूमी, अशी श्रद्धा आकाराला आली. मार्कस गार्वी या जमैकन नेत्याने काळ्या माणसाच्या स्वाभिमानाची जी शिकवण दिली होती, तिचा या श्रद्धेला मोठा आधार होता. ‘रास ताफारी’ या नावावरूनच या पंथाला रास्ताफारी म्हणू लागले.

इथे एक गोष्ट नीट पाहा. ज्या बायबलच्या आधारे गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवला जाई, तेच बायबल या लोकांनी हातात घेतले आणि त्यातली बंदिवासात पडलेल्या इस्रायली लोकांची कथा स्वतःची म्हणून वाचली. भाषाही बदलली. ‘मी आणि तू’ न म्हणता रास्ता ‘मी आणि मी’ म्हणतात, कारण समोरच्यातही तोच ईश्वर आहे असे ते मानतात. नवा धर्म घेतलेल्या माणसाला पहिली गरज नव्या शब्दांची असते. हा मुद्दा आपल्याला पुढे पुन्हा लागेल.

जमैकाच्या प्रतिष्ठित समाजाने या लोकांना दीर्घकाळ वेडे आणि गुन्हेगार मानले. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तरी १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील घटनेनंतर पोलिसांनी रास्तांची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण केली.

३. मार्लीचा प्रवास

बॉब मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट अॅन परगण्यातल्या नाइन माइल या खेड्यात झाला. आई काळी, वडील गोरे आणि वयाने बरेच मोठे. वडील जवळपास राहिलेच नाहीत. आईबरोबर तो राजधानी किंग्स्टनमधल्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत आला. काही काळ वेल्डिंगचे काम शिकला. जो हिग्ज या गायकाने वस्तीतल्या मुलांना गळा कसा वापरायचा ते शिकवले आणि त्यातूनच मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन यांचा ‘वेलर्स’ हा गट १९६३ च्या सुमारास उभा राहिला.

२१ एप्रिल १९६६ रोजी हेले सेलासी जमैकात आले, तेव्हा विमानतळावर लोटलेली गर्दी आवरता आवरेना. मार्ली त्या वेळी अमेरिकेत मजुरी करत होता. त्याची पत्नी रीटा त्या गर्दीत होती आणि परतल्यावर मार्लीही हळूहळू रास्ताफारीकडे वळला.

१९७३ मध्ये ‘कॅच अ फायर’ हा संग्रह लंडनच्या आयलंड कंपनीने काढला. मूळ ध्वनिमुद्रण जमैकातले होते. पाश्चात्त्य श्रोत्यांना ते आपलेसे वाटावे म्हणून निर्माता ख्रिस ब्लॅकवेल याने लंडनमध्ये त्यावर रॉक पद्धतीची गिटार आणि कळफलकाची वाद्ये चढवली. या तडजोडीची आठवण ठेवा. पुढे ‘नॅटी ड्रेड’ (१९७४), ‘रास्तामन व्हायब्रेशन’ (१९७६) आणि ‘एक्झोडस’ (१९७७) आले आणि मार्ली जगभर पोहोचला.

३ डिसेंबर १९७६ च्या रात्री, निवडणुकीच्या तापलेल्या वातावरणात, त्याच्या किंग्स्टनमधल्या घरावर हल्ला झाला. मार्ली, रीटा आणि त्याचा व्यवस्थापक जखमी झाले. दोनच दिवसांनी मार्ली ठरलेल्या कार्यक्रमात मंचावर उभा राहून गायला. १९७८ च्या एप्रिलमध्ये त्याने पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकत्र धरायला लावले. १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, त्या सोहळ्यातही तो गायला. ११ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. वय होते फक्त ३६.

४. देशवंडीचा वामन

आता नकाशावर आपल्याकडे या. बॅबिलोनऐवजी गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि सेलासीच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ठेवले तर कथा जुळेल, असे वाटेल. काही अंशी जुळतेही. पण कुठे जुळत नाही, तेही आपल्याला पाहायचे आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. या जिल्ह्याच्या मातीतच संघर्ष होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. याच भागात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता.

वामनदादा पोटासाठी मुंबईत आले. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, रस्त्यावर किरकोळ वस्तू विकल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शिवडीच्या चाळीत एकदा कोणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि ते वाचता येईना म्हणून त्यांना रडू आले. मग त्यांनी एका मास्तरांकडून बाराखडी शिकून घेतली. हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो. तुमच्या-माझ्यासारख्याला लिहिता येणे ही इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते की तिच्यासाठी कोणी रडले असेल हे ध्यानातच येत नाही. पुढे त्या माणसाने हजारो गीते लिहिली.

१९४३ मध्ये त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ऐकले. पहिले गीतही त्याच वर्षीचे. ते एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. त्यानंतर सहा दशके ते गात आणि लिहीत राहिले. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह, तर ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) हे आत्मकथन. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

जबलपूरच्या वाचकांसाठी एक तपशील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यात होते. राज्यांची पुनर्रचना त्यानंतर अडीच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला झाली. त्यामुळे ही ‘तिकडची, महाराष्ट्रातली’ गोष्ट आहे असे आपण म्हणू नये.

५. जुनी चाल, नवा आशय

आपल्या विषयात तुम्ही वाहक लहर शिकला आहात. बोलण्याचा आवाज स्वतःच्या बळावर दूर जात नाही, म्हणून त्याला एका वेगवान लहरीवर चढवावे लागते. लोकगीतात हे काम ओळखीची चाल करते.

वामनदादांच्या आधीपासून ही परंपरा होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचाच साचा उचलला. तमाशाच्या गणात गणपतीचे स्तवन असे, त्या जागी निर्मिकाचे स्तवन आले. गवळणीत आणि वगात भटशाही, सावकारी आणि अंधश्रद्धा यांवर टीका आली. आंबेडकरी जलशाने हीच पद्धत पुढे नेली. रात्रभर तमाशा पाहणाऱ्या माणसाला सभेचे भाषण कंटाळवाणे वाटेल, पण ढोलकीवर थाप पडली की तो उठून जात नाही, हे त्यांना माहीत होते.

वामनदादांनी तर समोर येईल ती चाल घेतली: सिनेमाची, कव्वालीची, लोकगीताची. याला काही समीक्षक उसनवारी म्हणतील. पण ज्याला वाद्यवृंद परवडत नाही आणि ज्याच्या श्रोत्याकडे रेडिओही नाही, तो उद्या सकाळी गाणे लोकांच्या तोंडी कसे पोहोचवणार? चाल आधीच सर्वांच्या तोंडी असेल तर फक्त शब्द शिकवायचे उरतात. मार्लीनेही बायबलमधल्या स्तोत्रांची भाषा घेतली, कारण त्याच्या वस्तीत ती भाषा लहान मुलालाही पाठ होती.

या पद्धतीची किंमतही असते. वाहक लहर गाळून टाकता येते, चाल मात्र गाळता येत नाही. प्रेमगीताची लाडिक चाल संतापाच्या शब्दांना कधी कधी मऊ करते. वामनदादांची सगळीच गीते सारखी उतरलेली नाहीत आणि प्रसंगापुरती केलेली काही गीते प्रसंगाबरोबर संपली. हे मान्य केल्याने त्यांचा मान कमी होत नाही. इतके लिहिणाऱ्या कोणत्याही कवीबद्दल हेच म्हणावे लागेल.

शब्दांकडे पाहा. महार माणसाने वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा, अशी रीत होती. चळवळीने त्या जागी ‘जय भीम’ आणले. त्या एका शब्दाने वाकलेली मान सरळ झाली. रास्तांचे ‘मी आणि मी’ आणि इकडचे ‘जय भीम’ यांच्यात हे साम्य आहे: भेटल्याबरोबर दोन माणसे एका पातळीवर येतात. वामनदादांच्या गीतांनी हा नवा शब्दसंग्रह खेड्यापाड्यांत, न शिकलेल्या बायाबापड्यांच्या तोंडी नेऊन पोहोचवला.

६. ताल, गळे आणि भिंती

आता थोडे ध्वनीबद्दल. रेगेमधला ‘वन ड्रॉप’ नावाचा ताल लक्ष देऊन ऐका. आपल्या संगीतात सम ही येऊन मिळण्याची जागा असते, तिथे वजन पडते. वन ड्रॉपमध्ये चारपैकी पहिल्या मात्रेवर मोठा ढोल गप्प राहतो आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटारचे तुटक ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. जिथे ठोका अपेक्षित होता तिथे मोकळी जागा सापडल्यामुळे ऐकणाऱ्याचे शरीरच ती जागा भरते. म्हणून रेगे ऐकताना आपण नकळत डोलतो.

किंग्स्टनमध्ये हे संगीत प्रचंड स्पीकरच्या भिंती उभारून रस्त्यावर वाजवले जाई. क्लबमध्ये जाण्याचे आणि तबकडी विकत घेण्याचे पैसे लोकांकडे नव्हते. या संगीतात खर्ज सर्वांत महत्त्वाचा. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे ७ मीटर भरते. असा स्वर साध्या भिंतीला जुमानत नाही, खिडकी लावली तरी आत येतो. मध्यमवर्गीय वस्तीला त्याचा त्रास होतो तो त्यामुळेच, आणि गरीब वस्तीला आपण आहोत हे कळवायला तो उपयोगी पडतो तेही त्यामुळेच.

वामनदादांच्या गाण्यात खर्जाची भिंत नव्हती. ढोलकी, पेटी, टाळ्या आणि झीलकरी असत. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात, मग समोरचे लोक उचलतात. मार्लीच्या मागे रीटा मार्ली, ज्युडी मोवॅट आणि मार्शिया ग्रिफिथ्स या तिघी गात. त्यांचे काम आपल्या झीलकऱ्यांसारखेच आहे. एकट्याने सुरू केलेले म्हणणे अनेकांचे होते, हे त्यातून कानाला कळते.

एक मोठा फरक इथेच दिसतो. मार्ली ध्वनिमुद्रणांत जतन झाला. त्याचा आवाज आपण आज जसाच्या तसा ऐकतो. वामनदादा मात्र मुख्यतः इतरांच्या गळ्यांत जगले. शेवटच्या कडव्यात येणारी ‘वामन’ ही नाममुद्रा हीच त्यांची सही, जशी अभंगात संतांची असते. गाणे हातोहात जाताना नाव हरवू नये म्हणून केलेली ती जुनी सोय आहे.

७. भक्तीचा धोका

आता आपण कठीण प्रश्नाकडे येऊ. अशा गाण्यात नायकाची स्तुती असते. स्तुती कुठे संपते आणि अंधभक्ती कुठे सुरू होते?

मार्लीच्या बाबतीत प्रश्न थेट आहे. तो सेलासीला देव मानत होता. पण प्रत्यक्ष इथिओपियात सम्राटाच्या राजवटीत १९७३ च्या सुमारास वोलो प्रांतात भीषण दुष्काळ पडला, लोक मेले आणि १९७४ मध्ये लष्कराने सम्राटाला पदच्युत केले. १९७५ मध्ये सेलासींच्या मृत्यूची बातमी आली, तेव्हा मार्लीने देव मरत नसतो असे सांगणारे गाणे काढले. श्रद्धा म्हणून ते समजू शकते. पण ज्या गायकाने जगातल्या प्रत्येक सत्तेला जाब विचारला, त्याने या एका सत्तेला विचारला नाही, हे समीक्षकाने नोंदवायला हवे.

वामनदादांपुढचा पेच वेगळा होता. बाबासाहेबांनी स्वीकारलेल्या बौद्ध धम्मात ईश्वर नाही, अवतार नाही. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत अवतारवाद स्पष्टपणे नाकारलेला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती हमखास अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आता ज्याने भक्ती नको म्हटले, त्याचेच गुणगान कसे करायचे? हजारो भीमगीते या पेचात सापडतात आणि बाबासाहेबांना देव करून मोकळी होतात.

वामनदादांच्या सर्वोत्तम गीतांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांच्या एका अत्यंत गाजलेल्या गीतात ते बाबासाहेबांशी बोलतात, पण रोख आहे अनुयायांवर. तुमच्या विचारांची खरी माणसे मूठभर जरी असती तर या लोकांची दशा अशी झाली नसती, असा त्याचा आशय आहे. गाणे सुरू होते स्तुतीच्या सुरात. ऐकणारा मान डोलावतो आणि मग त्याच्या लक्षात येते की आरोप आपल्यावरच आहे. आणखी एका गीतात ते देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, साठलेल्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असे विचारतात. इथेही ऐकणाऱ्याला सांत्वन मिळत नाही. हिशेब मागायला शीक, असे त्याला सांगितले जाते.

मार्लीच्या अखेरच्या काळातले ‘रिडेम्पशन साँग’ (१९८०) पाहा. त्यात वाद्यवृंद नाही, झीलकरी नाहीत, फक्त एक गिटार आहे. मनाची गुलामगिरी आपली आपणच तोडायची असते, हा त्यातला विचार मार्लीने मार्कस गार्वीच्या १९३७ च्या भाषणातून घेतला. आयुष्यभर उद्धारकाची वाट पाहायला सांगणाऱ्या धर्माचा हा गायक शेवटी ऐकणाऱ्याच्याच हातात काम देतो. ज्या क्षणी तो हे करतो, त्या क्षणी तो देशवंडीच्या वामनाच्या अगदी जवळ येतो.

म्हणून मी तुम्हाला ही कसोटी सुचवतो. मुक्तीचे गाणे नायकाविषयी काय सांगते, हे आधी पाहू नका. ते ऐकणाऱ्याकडून काय मागते, ते पाहा. काहीच मागत नसेल, नुसता अभिमान वाटून संपत असेल, तर ती आरती आहे. आरतीलाही तिची जागा असते, पण तिने बेडी तुटत नाही.

८. गाणे राहते, मागणी गळते

मार्लीच्या मृत्यूनंतर १९८४ मध्ये ‘लेजंड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह निघाला. तो प्रचंड खपला. निवड करताना प्रेमाची आणि सलोख्याची गाणी पुढे आली, संतापाची गाणी मागे राहिली. माझ्या वसतिगृहातल्या मुलांपर्यंत पोहोचलेला मार्ली हा मुख्यतः त्या संग्रहातला आहे. १९७३ च्या संग्रहावर चढवलेली गिटार ही तडजोड होती, पण तिच्याखाली शब्द शाबूत होते. नंतरच्या निवडीने शब्दांनाच चाळणी लावली.

आपल्याकडे दुसरा प्रकार होतो. जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीताचा डीजे मिक्स वाजतो. खर्ज इतका वाढवतात की शब्द बुडतात. मला त्या नाचणाऱ्या मुलांवर टीका करायची नाही. ज्यांच्या आजोबांना त्याच रस्त्यावरून मान खाली घालून जावे लागे, त्यांनी तिथे बेभान नाचणे हाही इतिहास आहे. शिवाय गणेशोत्सवातला आवाज सोसणाऱ्या कानांना नेमका १४ एप्रिलचाच आवाज खुपत असेल, तर दोष फक्त डेसिबलचा नाही. माझ्या कानांचे तेव्हा हेच झाले होते. तरीही तंत्राचा माणूस म्हणून एक सांगतो: ज्या गाण्याचा जीव शब्दांत आहे, त्यात शब्दांच्या कंपनसंख्या झाकल्या गेल्या तर वामनदादांची तक्रार ऐकू येणार नाही. आणि ती तक्रार ऐकायला सर्वांत आधी त्या नाचणाऱ्यांनाच बोलावले होते.

९. समारोप

दोन माणसे. एकाला वडील असून नसल्यासारखे, दुसऱ्याला तरुणपणी पत्र वाचता येत नव्हते. एकाने मायभूमी समुद्रापार शोधली, दुसऱ्याने ती इथेच, संविधानाच्या आणि धम्माच्या आधारे मागितली. एक जगभर विकला गेला, दुसरा जगभर पोहोचला नाही. या दोघांना एकाच पाठात ठेवण्याचे कारण एवढेच की दोघांनीही उपेक्षित माणसाला आधी गायला लावले आणि गाता गाता स्वतःकडे पाहायला लावले.

त्या वस्तीतले ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी बऱ्याच वर्षांनी, ‘हे गीत वामनाचे’ हातात आल्यावर, मनातल्या मनात दिले. तुम्हाला तेवढा उशीर करण्याचे कारण नाही. मार्लीचा टी-शर्ट खुशाल घाला. फक्त एका संध्याकाळी त्याचे शब्द समोर ठेवून एक गाणे पूर्ण ऐका. आणि पुढच्या १४ एप्रिलला खिडकी लावून घेण्यापूर्वी एक कडवे ऐका.

स्वाध्याय

१. तुमच्या भागात जयंती, उत्सव किंवा मोर्चात गायले जाणारे एक गीत निवडा. ते ऐकणाऱ्याकडून काय मागते, ते दहा-बारा ओळींत लिहा.

२. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवल्याने काय साधते आणि काय हरवते? तुमच्या भाषेतले एक उदाहरण द्या.

३. रास्ताफारी आणि आंबेडकरी बौद्ध धम्म यांच्यातले एक साम्य आणि दोन महत्त्वाचे भेद स्पष्ट करा.

४. ‘प्रचारगीत ही कला नव्हे’ या मताची तपासणी करा. उत्तरात मार्ली किंवा वामनदादा यांचे फक्त गुण न सांगता निदान एक मर्यादाही नोंदवा.